फुप्फुसातल्या गाठीला रक्त कुठून येतं?

माझा विषय ऐकला की बरेच जण विचारतात, गाठ सीटीवर दिसतेच आहे, मग तिचा रक्तपुरवठा आधी कशाला मोजायचा? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी १९५५ सालात जावं लागेल.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गाठीतल्या पेशी दोरीसारख्या पुंजक्यांत होत्या आणि रक्तवाहिन्या त्या दोरीच्या बाहेर. दोरीची त्रिज्या २०० मायक्रॉनच्या वर गेली की मधला भाग मेलेला. १६० च्या आत असेल तर मधे मृत भाग नाहीच! का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ऑक्सिजन वाहिनीपासून साधारण तेवढाच आत झिरपतो. पण खरी मेख जिवंत आणि मृत भागाच्या सीमेवर आहे. तिथल्या पेशी ऑक्सिजनवाचून अर्धपोटी, पण जिवंत. अशा पेशी मारायला किरणोत्साराची मात्रा जवळपास तिप्पट लागते. म्हणजे वरून गाठ आक्रसली तरी तिथून आजार परत उभा राहू शकतो.

मला विचाराल तर आमच्या क्षेत्राचा पाया तो निबंध. फक्त, काप काढून झाल्यावर कळून रुग्णाला काय उपयोग?

पुढे १९७१ मध्ये जुडा फोकमन यांनी मांडलं की गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते, तेव्हा त्याच रोखायच्या. त्यातून बेव्हॅसिझुमॅब आलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या चाचणीत ते घेणाऱ्या सहा जणांना गंभीर रक्तस्राव झाला, चौघे दगावले. त्यांच्या गाठी छातीच्या मध्यभागी, मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून होत्या. उपचाराआधी नीट बघणं किती महागात पडू शकतं किंवा वाचवू शकतं, ते यात आलं.

मोजण्याची युक्ती तशी सोपी. कॉन्ट्रास्ट टोचायचा, त्याच जागेचे सीटी पुन्हापुन्हा घ्यायचे, गाठ किती वेगाने उजळते ते पाहायचं. केनेथ माइल्स यांनी १९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवलं की त्या चढाच्या कमाल वेगाला धमनीच्या शिखराने भागलं की रक्तप्रवाह मिळतो.

फुप्फुसात इथेच घोळ होतो. कोणती धमनी घ्यायची? फुप्फुसाला दोन पुरवठे आहेत, हृदयाच्या उजव्या बाजूकडून येणारी फुप्फुस धमनी आणि महाधमनीतून फुटणाऱ्या बारीक श्वासनलिका-धमन्या. गाठी बहुधा दुसरीवर पोसतात, पण 'बहुधा'च. शिवाय रुग्ण श्वास घेतो, गाठ हलते, आणि आलेख डळमळतो.

पहिल्या वर्षी मी दोन पेपरांतले आकडे सरळ एका तक्त्यात टाकले होते. एकाने महाधमनीचं शिखर घेतलं होतं, दुसऱ्याने दोन्ही पुरवठे वेगळे मोजले होते. सरांनी तक्ता बघितला, मेथड्सच्या पानावर बोट ठेवलं आणि काही न बोलता परत दिला. तो अजून माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे.