ग्युस्त्रोचा तरंगता देवदूत

उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमध्ये ग्युस्त्रो नावाचे लहानसे शहर आहे. तिथल्या विटांच्या जुन्या कॅथेड्रलमध्ये पहिल्या महायुद्धातल्या मृतांचे स्मारक आहे. पण सैनिक, तलवार, झेंडा किंवा विजयमाला शोधायला गेलात, तर काहीच हाती लागणार नाही. छतापासून टांगलेली ब्राँझची एक आडवी आकृती तेवढी दिसते. अंगभर झगा, छातीवर दुमडलेले हात, मिटलेले डोळे, मिटलेले ओठ. देवदूत म्हणावे तर पंखही नाहीत. खाली एक शिळा.

अर्न्स्ट बारलाख या शिल्पकाराने १९२७ मध्ये ही मूर्ती घडवली. १९१० पासून तो ग्युस्त्रोतच राहत होता. कॅथेड्रलच्या सातशेव्या वर्षाचे निमित्त होते. बारलाखने मेहनताना घेतला नाही, फक्त साहित्याचा आणि ओतकामाचा खर्च घेतला. जर्मनीत तेव्हा गावोगाव युद्धस्मारके उभी राहत होती, आणि बहुतेक ठिकाणी ताठ मानेचा दगडी सैनिक असे. हरलेल्या देशाला हरल्यासारखे दिसायचे नव्हते.

बारलाख स्वतः काही जन्मजात शांततावादी नव्हता. १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो जर्मनांसारखा तोही भारावला होता. त्या वर्षी त्याने ‘सूड घेणारा’ हे शिल्प केले. डोक्यामागे तलवार उगारून पुढे झेपावणारा माणूस, त्याचे शरीर जमिनीला जवळजवळ समांतर. पुढे बारलाखला स्वतःला गणवेश चढवावा लागला. थोड्याच महिन्यांत त्याची सुटका झाली, पण युद्धाचा ज्वर कायमचा उतरला. ‘सूड घेणारा’ आणि ग्युस्त्रोचा देवदूत यांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. तेरा वर्षांनंतरही शरीर तसेच आडवे आहे, पण झेप विरून गेली आहे. तलवार उगारणारे हात आता छातीशी आले आहेत.

मूर्तीचा चेहरा चित्रकार-शिल्पकार केथे कोलवित्झ यांच्यासारखा दिसतो. आपण तो ठरवून केला नाही, आपोआप उतरला, असे बारलाखचे म्हणणे होते. कोलवित्झ यांचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला होता. वय अठरा. अल्पवयीन असल्याने सैन्यात जायला त्याला वडिलांची संमती लागणार होती. ते तयार नव्हते, आईनेच त्यांचे मन वळवले. त्या मुलासाठी शिल्प करायला त्यांना पुढची सतराअठरा वर्षे लागली. हे माहीत असले की देवदूताच्या मिटलेल्या डोळ्यांकडे नुसती शांतता म्हणून पाहवत नाही.

उजव्या राष्ट्रवाद्यांना हे स्मारक सुरुवातीपासून खुपत होते. बारलाखची माणसे त्यांना ‘जर्मन’ वाटत नसत. रशियाच्या प्रवासात पाहिलेल्या शेतकऱ्यांची ठेवण त्याच्या शिल्पांत आली होती, तेवढे निमित्त पुरे होते. १९३३ नंतर या कुजबुजीला सत्ता मिळाली. माग्डेबुर्ग कॅथेड्रलमधले त्याचे युद्धस्मारक १९३४ मध्ये हलवले गेले, कीलमधले शिल्प १९३७ मध्ये. त्याच वर्षी म्यूनिकला ‘अधःपतित कला’ नावाचे प्रदर्शन भरले आणि सार्वजनिक संग्रहांतून बारलाखच्या शेकडो कृती जप्त झाल्या. २३ ऑगस्ट १९३७ रोजी ग्युस्त्रोचा देवदूत खाली उतरवला गेला. पक्षाचा दबाव होताच, पण हे घडले ते चर्चच्या वरिष्ठांच्या संमतीने. ज्या संस्थेने मूर्ती हौसेने टांगून घेतली होती, तिनेच ती काढू दिली. शिल्पकार तेव्हा हयात होता, त्याच शहराच्या कडेला राहत होता. पुढच्या वर्षी, २४ ऑक्टोबर १९३८ रोजी तो वारला. शेवटचे दर्शन घ्यायला कोलवित्झ आल्या आणि त्यांनी त्याचे मृत्युशय्येवरचे चित्र काढले.

दुसऱ्या महायुद्धात देवदूत वितळवला गेला. युद्धाला धातू हवा होता.

गोष्ट इथेच संपायची, पण मूळ साचा शाबूत होता. बर्नहार्ड ब्योमर या बारलाखच्या निकटवर्तीयाने त्यावरून गुपचूप दुसरी प्रत ओतून घेतली. हा ब्योमर मोठा विचित्र माणूस. जप्त केलेली ‘अधःपतित’ कला विकायला राजवटीने ज्या चार व्यापाऱ्यांना नेमले, त्यांतला तो एक. त्या धंद्यात त्याने पैसाही केला आणि देवदूतही वाचवला. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य ग्युस्त्रोत आले तेव्हा त्याने आत्महत्या केली. मला त्याचा हिशेब मांडता येत नाही. जमाखर्च एकाच पानावर बसत नाही.

ती प्रत ल्यूनेबुर्गच्या माळरानातल्या एका खेड्यात लपून राहिली आणि १९५२ मध्ये कोलोनच्या अँटोनिटर चर्चमध्ये टांगली गेली. आता जर्मनीच दोन झाल्या होत्या. कोलोन पश्चिमेत, ग्युस्त्रो पूर्वेत. तरी १९५३ मध्ये कोलोनच्या प्रतीवरून तिसरी प्रत ओतली गेली आणि देवदूत आपल्या कॅथेड्रलमध्ये परतला. १९२७ मध्ये खालच्या शिळेवर १९१४–१९१८ ही वर्षे कोरली होती. आता तिथे १९३९–१९४५ हीसुद्धा आहेत. कोलवित्झ यांचा नातू, त्याचेही नाव पेटरच, १९४२ मध्ये रशियाच्या आघाडीवर मारला गेला होता.

१३ डिसेंबर १९८१ रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट पूर्व जर्मनीचे प्रमुख एरिक होनेकर यांच्यासोबत ग्युस्त्रोत आले. श्मिट यांना बारलाखबद्दल फार आस्था होती. त्याच पहाटे शेजारच्या पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला होता. पाहुण्याभोवती खऱ्या नागरिकांची गर्दी होऊ नये म्हणून गुप्त पोलिसांनी अख्खे शहर वेढले. लोकांना घरांत थांबवले आणि रस्त्यांवर आपलीच माणसे उभी केली. श्मिट कॅथेड्रलमध्ये जाऊन देवदूतापाशी उभे राहिले. संध्याकाळी स्टेशनवर निरोप देताना होनेकरनी गाडीच्या खिडकीतून त्यांच्या हातात एक गोळी ठेवली, खोकल्यावर चघळायची. वर्तमानपत्रांना त्या भेटीतले हेच छायाचित्र सर्वांत जास्त आवडले.