हॉक्सहेड

हॉक्सहेड : वायव्य इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील एक खेडे. पूर्वेला विंडरमिअर आणि पश्चिमेला कॉनिस्टन ही दोन मोठी सरोवरे. त्यांच्या मधल्या खोऱ्यात, एस्थवेट वॉटर या लहान सरोवराच्या उत्तरेस ते वसले आहे. हा भाग पूर्वी लँकाशर परगण्यात मोडत असे. १९७४ मध्ये तो कंब्रियात गेला आणि २०२३ पासून वेस्टमोरलँड अँड फर्नेस या प्रशासकीय विभागात आहे. लोकवस्ती काही शेकड्यांची आहे. कवी विल्यम वर्ड्सवर्थ (१७७०–१८५०) याचे शाळकरी वय या गावात गेले. त्याने लिहून ठेवलेल्या आठवणी आणि गावचे जुने दप्तर, अशी दोन्ही साधने शिल्लक असल्यामुळे अठराव्या शतकातले हॉक्सहेड आज जितके जवळून पाहता येते, तितकी फार थोडी खेडी पाहता येतात.

इतिहास : मध्ययुगात या परिसराची जमीन फर्नेस येथील सिस्टर्शियन मठाच्या ताब्यात होती. मठाचा मुख्य भर मेंढपाळी व लोकरीवर होता. गावाबाहेर उभी असलेली ‘कोर्टहाउस’ ही पंधराव्या शतकातील दगडी वास्तू मठाच्या येथील कारभाराची खूण होय. १५३७ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बरखास्त झाला. लोकरीचा व्यापार मात्र चालू राहिला. १६०८ मध्ये पहिल्या जेम्सने बाजाराची सनद दिली आणि हॉक्सहेड आसपासच्या वाड्यावस्त्यांची बाजारपेठ बनले. भोवतालच्या जंगलांत लोणारी कोळसा पाडून त्यावर लोखंड गाळण्याच्या भट्ट्या चालत. डोंगरांतून पाटीचा दगड निघे.

सेंट मायकल अँड ऑल एंजल्स हे चर्च गावालगतच्या टेकाडावर आहे. आतल्या भिंतींवर सतराव्या-अठराव्या शतकांत रंगवलेली धर्मवचने अजून दिसतात. या चर्चच्या पॅरिशमधील (धर्मविभागातील) बारसे, लग्न व दफन यांच्या नोंदी १५६८ पासून उपलब्ध आहेत. लोकर व्यवसायाला आधार म्हणून इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात प्रेत लोकरीच्याच वस्त्रात पुरण्याचा कायदा झाला होता. त्याचे पालन झाल्याची जुनी प्रतिज्ञापत्रेही येथे जपलेली आहेत. या साऱ्या सामग्रीवर एच. एस. कूपर याने मोठे काम केले : १८९७ मध्ये त्याने सर्वांत जुनी नोंदवही छापली आणि १८९९ मध्ये गावचा इतिहास, उद्योग, लोककथा व बोली यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

शाळा : याच परिसरात जन्मलेला यॉर्कचा आर्चबिशप एडविन सँडिस याने १५८५ मध्ये येथे ग्रामर स्कूल स्थापन केले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा लौकिक असा होता, की दूरदूरची मुले येथे येत. ग्रीक, लॅटिन व गणित हे विषय मुख्य असत. मुख्याध्यापक विल्यम टेलर याला कवितेची ओढ होती आणि मुलांनी स्वतः पद्यरचना करावी असा त्याचा आग्रह असे. १७८५ मध्ये शाळेच्या द्विशताब्दीसाठी वर्ड्सवर्थने केलेली रचना ही त्याच्या उपलब्ध कवितांतील अगदी सुरुवातीची. टेलर १७८६ मध्ये ऐन तारुण्यात वारला. शाळा १९०९ मध्ये बंद पडली. तिच्या इमारतीत आता संग्रहालय असून मुलांनी चाकूने कोरलेल्या नावांची जुनी बाके तेथे आहेत. त्यांपैकी एका बाकावर वर्ड्सवर्थचे नाव आहे.

वर्ड्सवर्थचे बालपण : आई १७७८ मध्ये वारल्यानंतर पुढच्या वर्षी नऊ वर्षांच्या विल्यमला भावासह येथे पाठवण्यात आले. बहीण डॉरथी हॅलिफॅक्सला नातेवाइकांकडे गेली. मुले राहत होती ती अ‍ॅन टायसन हिच्या घरी. तिचा नवरा सुतार होता. ती स्वतः किराणा व कापडचोपड विकत असे आणि शाळेच्या मुलांना जेवणाखाणासह ठेवून घेत असे. तिच्या हिशेबाच्या वहीत या मुलांच्या खर्चाच्या नोंदी आहेत. घरात रात्री पीटच्या शेकोटीपाशी पत्ते चालत, पाटीवर फुल्ली-गोळा रंगे, आणि खेळ भरात असताना बाहेर गोठलेल्या एस्थवेटचा बर्फ तडकल्याचा आवाज येई. दिवसा पक्ष्यांसाठी फासे लावणे, घरट्यांसाठी कडे चढणे, काळोख पडेपर्यंत बर्फावर स्केटिंग करणे हे मुलांचे उद्योग. १७८३ च्या नाताळात घरी नेणाऱ्या घोड्यांची वाट पाहत विल्यम धुक्यात एका उंचवट्यावर बसून राहिला होता. घरी पोचल्यावर काही दिवसांतच, ३० डिसेंबरला, वडील गेले. १७८७ मध्ये तो केंब्रिजला गेला.

हे सारे ‘द प्रेल्यूड’ या आत्मचरित्रपर दीर्घकाव्यात आले आहे. त्याचा पहिला खर्डा त्याने १७९८-९९ मध्ये, जर्मनीतील गॉस्लर येथे कडाक्याच्या थंडीत असताना हाती घेतला. काव्य छापले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर, १८५० मध्ये.

आठवण आणि दप्तर : काव्यात एक प्रसंग आहे. गावात नवा असलेला मुलगा संध्याकाळी एस्थवेटच्या काठी कपड्यांचा ढीग पाहतो. कोणी पोहायला उतरला असावा म्हणून थांबतो, पण कोणीच वर येत नाही. दुसऱ्या दिवशी माणसे होड्यांतून गळ टाकून शोधतात आणि प्रेत वर येते. पऱ्यांच्या गोष्टींत असली दृश्ये आधीच भेटल्यामुळे आपण घाबरलो नाही, असे कवी सांगतो. जून १७७९ मध्ये शेजारच्या सॉरी येथील एक शिक्षक या सरोवरात बुडाल्याची नोंद खरोखरच आहे. काव्य ही घटना आगमनाच्या पहिल्याच आठवड्यात ठेवते. प्रत्यक्षात मुलगा येऊन बहुधा काही आठवडे झाले होते. घटना खरी आहे. काळ तेवढा आठवणीने आखडून घेतला आहे.

उलट, दप्तरात नसलेले काही काव्यात सापडते. चौकात एक करडा खडक होता आणि त्यापाशी एक म्हातारी साठ वर्षे किरकोळ जिनसा विकत बसे. मुलांचे खेळ तेथूनच सुरू होत. कवी परतला तेव्हा खडक फोडलेला होता आणि त्या जागी सभागृहाची इमारत होती. १७९० मध्ये बांधलेले हे मार्केट हाउस आजही उभे आहे. काव्यात शुभ्र दिसणाऱ्या चर्चवरचा पांढरा गिलावा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढला गेला. ते पूर्वी पांढरे होते, हे वाचकांना काव्यातून कळते.

राहत्या घराबाबत मात्र दप्तर अधिक बोलते. गावातले टायसनचे घर वर्ड्सवर्थचे म्हणून दाखवले जाते. पॅरिशच्या नोंदींनुसार टायसन कुटुंब १७८० च्या दशकात जवळच्या कोल्टहाउस वाडीवर राहत होते. म्हणजे मुलाच्या वास्तव्याचा बराच काळ तेथे गेला. टी. डब्ल्यू. टॉम्प्सन याच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वर्ड्सवर्थ्स हॉक्सहेड’ या ग्रंथात ही उकल आहे. सामान्य गावकऱ्यांची नावे, धंदे व देणीघेणी चिकाटीने शोधल्यामुळे तो ग्रंथ कवीइतकाच गावाचाही झाला आहे.

आधुनिक काळ : बालवाङ्मयकार बिअट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) हिने १९०५ मध्ये जवळच्या निअर सॉरीतील हिल टॉप ही शेतवाडी घेतली आणि १९१३ मध्ये हॉक्सहेडचा वकील विल्यम हीलिस याच्याशी लग्न केले. तिच्या १९१८ मधील शहरी व खेडवळ उंदरांच्या गोष्टीतले शहर हॉक्सहेडवरूनच चितारले आहे. मृत्युपत्राने तिने ४,००० एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टला दिली. हर्डविक जातीच्या मेंढ्यांची येथली मेंढपाळी टिकण्यास त्याचा मोठा हातभार लागला. लेक डिस्ट्रिक्ट १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

पर्यटन हा आज गावचा मुख्य आधार असून मोटारी वेशीबाहेरच थांबवतात. स्थानिक इतिहास लिहू पाहणाऱ्याला हॉक्सहेड एक उत्तम वस्तुपाठ देते : वृद्धांच्या लहानपणच्या आठवणी आणि गावची दप्तरे एकाच वेळी गोळा करावीत आणि एकाने दुसऱ्याची चूक दुरुस्त करावी.