चाल कुठली?

१९९२ सालच्या हिवाळ्यात दादा घरात शिरता शिरता म्हणाला, "सहगलची नवी कॅसेट आणलीय." आजोबा लगेच खुर्ची ओढून टेपरेकॉर्डरपाशी येऊन बसले. त्यांच्या लेखी सहगल एकच, कुंदनलाल. ते १९४७ साली गेले, मग नवी कॅसेट कुठून आली, एवढा विचार करायलाही त्यांनी वेळ घेतला नाही. टेप सुरू झाली. दोन-तीन मिनिटं त्यांनी डोळे मिटून वाट पाहिली आणि मग विचारलं, "हा गातो कधी?"

आम्ही तेव्हा पहाडगंजात दोन खोल्यांत राहत होतो. शाळा नूतन मराठी, गणपती मराठी, भांडणंही मराठीत. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी आणि पंजाबी. त्या दोन खोल्यांत 'ठंडा ठंडा पानी'वर जे वाद झाले, तेच थोड्याफार फरकाने देशातल्या बऱ्याच घरांत झाले असणार. आता द्वारकेतल्या फ्लॅटमध्ये जुन्या कॅसेटींचं खोकं आवरताना ते वाद पुन्हा आठवले. हिंदीतल्या पहिल्या गाजलेल्या रॅप अल्बमचा इतिहास लिहायचा, तर तो ऐकणाऱ्यांच्या मतांचाही लिहायला हवा असं मला वाटतं.

बाबा सहगल म्हणजे लखनौचा हरजीतसिंग. शिकून इंजिनियर झाला, काही काळ दिल्लीच्या वीज खात्यात नोकरी केली आणि मग गाण्यासाठी मुंबई गाठली. मॅग्नासाउंडने ही कॅसेट काढली, त्याच्या आदल्या वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला होता आणि त्याच्यासोबत एमटीव्ही आलं होतं. गल्लीतल्या केबलवाल्याने गच्चीवरून गच्चीवर वायर ओढली आणि टोपी उलटी घालून हातवारे करत बोलणारी माणसं आमच्या बैठकीत आली. त्यांचं इंग्रजी आम्हाला चार आणेही कळत नव्हतं. बाबा सहगलचं सगळं कळत होतं. आत्याला कॅसेट आवडली ती एवढ्याचसाठी. "काय म्हणतो ते कळतं तरी," असं तिचं मत.

बाबांचं मत वेगळं. यात नवं काय, असं ते विचारत. १९६८च्या 'आशीर्वाद'मध्ये अशोककुमारांनी 'रेलगाडी' म्हटली होती, ती हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांची. ठेक्यात भराभर बोलणं तिथेच झालं होतं. वरच्या मजल्यावरचा मुलगा कॉन्व्हेंटात शिकायचा. त्याने 'आइस आइस बेबी' ऐकवलं आणि एका शब्दात निकाल दिला : चोरी. दादा त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही. मी तेरा वर्षांचा होतो. मला मत नव्हतं; कॅसेट तेवढी पाठ होती.

चोरीचा आरोप उडवून लावण्यासारखा नव्हता. ठेका सरळसरळ व्हॅनिला आइसचा होता. पण ते मूळ तरी कुणाचं? 'आइस आइस बेबी' १९९०चं. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं ते पहिलं रॅप गाणं, आणि ते ज्या अल्बममध्ये होतं तो तिथे सोळा आठवडे पहिला होता. त्यातली खालच्या पट्टीतली, सात-आठ ठोक्यांची ओळ मात्र क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१च्या 'अंडर प्रेशर'मधली. आधी श्रेय दिलंच नव्हतं. बोभाटा झाल्यावर गीतकारांच्या यादीत त्यांची नावं आली. तिकडेही ऐकणाऱ्यांत दोन तट होते. लाखो लोकांनी ते विकत घेतलं आणि तितक्याच जोरात त्याची टर उडवली. डॅलसकडचा गोरा मुलगा, त्याने काळ्या वस्तीतली कला उचलली आणि वर स्वतःचं रांगडं पूर्वायुष्यही फुगवून सांगितलं, असा राग होता.

त्याच्याही मागे गेलं तर न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स लागतं. ऑगस्ट १९७३मध्ये तिथल्या एका इमारतीत बहिणीच्या पार्टीला कूल हर्क नावाच्या जमैकन मुलाने दोन तबकड्या लावून, गाण्यातला नाचायला चांगला तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. १९७९चं 'रॅपर्स डिलाइट' उभं राहिलं तेही 'शीक' या बँडच्या 'गुड टाइम्स'वर. म्हणजे दुसऱ्याच्या तबकडीवर आपलं बोलणं हा या कलेचा पायाच. वरच्या मजल्यावरच्या मुलाला हे माहीत नव्हतं, आणि आम्हालाही.

या वादात कामाचा प्रश्न विचारला तो आजोबांनी. गाणं सुरू होत नाही हे पक्कं झाल्यावर त्यांनी खुर्ची मागे घेतली नाही. ते म्हणाले, "चाल कुठली?"

ज्यांनी संगीत नाटकांची जुनी पुस्तकं हाताळली आहेत त्यांना हा प्रश्न कळेल. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापून पुढे मूळ गाण्याचा मुखडा दिलेला असायचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये 'शाकुंतल' आणि १८८२मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यांनी साकी, दिंडी, लावणी, कानडी पदं अशा लोकांच्या कानांत बसलेल्या चाली घेतल्या आणि त्यांत आपले शब्द भरले. १९१६च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्याल-ठुमरीच्या बंदिशींवर पदं बांधून दिली. ते संगीत उसनं म्हणून कुणी कमी लेखत नाही. उलट कुठल्या चिजेवरून कुठलं पद आलं हे सांगण्यात जाणकारांना आनंदच असतो.

दादाने ओशाळून सांगितलं, "अमेरिकेतली आहे चाल."

"मग असू दे. पण घेतलेली चाल वर लिहायची असते. आणि एकदा घेतली की तिच्यात आपलं काय बसवलं, ते दाखवायचं असतं."

दादाने हे किती मनावर घेतलं ते पुढच्या गणपतीत दिसलं. त्याने मराठीत रॅप लिहिला होता. विषय आमच्या गल्लीचा : पहाटे चारला येणारं नळाचं पाणी, बादल्यांची रांग, रांगेतली भांडणं. कार्यक्रमाच्या समितीत बाबाही होते. चर्चा झाली. गणपतीपुढे असला धांगडधिंगा नको असं ठरलं आणि बाबांनीही त्याच बाजूने हात वर केला. दादा तेव्हा काही बोलला नाही. त्या वर्षी त्याने पेटीवर नाट्यगीताला साथ केली. पुढे तो हिशेबाच्या नोकरीत गेला आणि मला कळतं तसं त्याने पुन्हा एक ओळही लिहिली नाही. घरात ही गोष्ट निघाली की बाबा पेपर उघडायचे.

कॅसेटीचा पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. बाबा सहगल दूरदर्शनवर 'सुपरहिट मुकाबला' सादर करू लागला, 'रोजा'च्या हिंदी अवतारात 'रुक्मिणी रुक्मिणी' गायला. मॅग्नासाउंडनेच १९९५मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आणि दलेर मेहंदीचं 'बोलो ता रा रा' काढलं आणि लोकांचे कान तिकडे वळले. 'ठंडा ठंडा पानी' हळूहळू विनोदाचा विषय झाला. त्याच काळात बर्मिंगहॅमचा अपाचे इंडियन गाजत होता. तो खरा आणि आपला नकली, असं कॉलेजात बोललं जाई.

मग तिसरी पिढी आली. २०१४-१५च्या सुमारास मुंबईत नेझी आणि डिवाइन आपल्या गल्ल्यांबद्दल बोलू लागले, इकडे दिल्लीत 'सीधे मौत' आलं. 'स्वदेसी'ने प्रकाश भोईरांना सोबत घेऊन आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं, त्यात मराठी आहे. माझी भाची मेट्रोत हेच ऐकत कॉलेजला जाते. तिला मी कॅसेट ऐकवली. ती हसली, मग म्हणाली, "मामा, याला राग कशाचाच येत नाही का?"

तिचं बरोबर आहे. आजोबांनी विचारलं होतं संगीत कुठे आहे, शेजाऱ्याने विचारलं मूळ कुणाचं, भाची विचारते जगणं कुठे आहे. प्रत्येक पिढीने आपापला प्रश्न त्या कॅसेटीला विचारला आणि तिन्ही वेळा कॅसेट थोडी उणी पडली. तरी मी तिला नापास करायला तयार नाही. इंग्रजीतच शोभतं असं वाटणाऱ्या ठेक्यावर आपली रोजची बोली बसते, हे आमच्या घराला तिनेच पहिल्यांदा ऐकवलं. एकदा हिंदी बसली म्हटल्यावर मराठी बसवून पाहायला दादाला कितीसा वेळ लागणार होता? जगणं, राग, गल्ली हे सगळं त्याच्या नळाच्या रांगेत होतं. त्याला अडवलं ते आम्ही.

२००१मध्ये आम्ही द्वारकेत राहायला आलो. सोसायटी नवी, रस्ते रुंद, आणि नळाला पाणी नाही. कित्येक वर्षं टँकरवर काढली. टँकर आला की जिन्यातून बादल्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि बाबा, तेव्हा साठी ओलांडलेले, पाइप धरायला खाली उतरायचे. एकदा रांगेत उभं असताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याने लिहिलं होतं ते असंच होतं, नाही का?" मी हो म्हटलं. ते दादाला कधी बोलले की नाही, मला ठाऊक नाही. बाबा आता नाहीत.

परवा खोक्यात कॅसेटींच्या खाली दादाची वही सापडली. नळाच्या रांगेचा रॅप तिच्यात आहे, खाडाखोडीसकट चार पानं. पहिल्या पानावर, आजोबांच्या पुस्तकांत असायचं तसंच, लाल शाईने लिहिलंय : 'चाल – ठंडा ठंडा पानी'.

मी फोटो काढून दादाला पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. रात्री फोन आला. म्हणाला, "तिसरं कडवं नीट दिसत नाहीये. पुन्हा पाठव."