डोळा बरा झाला, पण सिग्नल लेट!

आजची गोष्ट सुरू होते डिसेंबर १८२२ मध्ये. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस डी'एस्टे, वय २८. स्कॉटलंडमध्ये एका अंत्यविधीला गेला आणि त्यानंतर नजर इतकी अधू झाली की पत्रंसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. मग काहीही उपचार न करता नजर परत आली! पुढे १८२७ मध्ये एकाचे दोन दिसायला लागले, नंतर पाय गेले. हे सगळं त्याने डायरीत लिहून ठेवलं. १८४८ मध्ये तो वारला, तेव्हा या आजाराला नावही नव्हतं. वीस वर्षांनी पॅरिसमध्ये शार्कोने मल्टिपल स्क्लेरोसिसचं नीट वर्णन केलं.

यात नेमकं होतं काय? आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनवर हल्ला करते. वायर तीच, पण इन्सुलेशन सोललेलं.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झमुळे डॉक्टरांना डोळ्याच्या आत बघता यायला लागलं. पण गंमत अशी, की या आजारात सूज बहुतेकदा डोळ्याच्या मागे, नसेत असते. पेशंट म्हणतो दिसत नाही, आणि डॉक्टरला आत सगळं नॉर्मल दिसतं! १८९० मध्ये ऊटहॉफ या जर्मन डॉक्टरने आणखी एक खूण नोंदवली: व्यायाम केला की नजर धूसर, आराम केला की पूर्ववत. पुढे कळलं, खरं कारण शरीराची वाढलेली उष्णता.

मग आलं १९७२. लंडनमध्ये हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मुशिन यांनी पेशंटसमोर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन उलटसुलट केले आणि डोक्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड लावून सिग्नल मोजला. निरोगी माणसात तो साधारण १०० मिलिसेकंदांत पोहोचतो. यांच्यात उशिरा. आणि नजर सुधारली तरी लेटन्सी तशीच! म्हणजे पेशंट विसरला तरी जुन्या हल्ल्याचा लॉग नसेत शिल्लक होता.

आज एमआरआय आहे, डोळ्याच्या पडद्याचे थर मोजणारं ओसीटी आहे. निदानाच्या २०२४ च्या सुधारित निकषांत तर दृष्टीच्या नसेला स्वतंत्र जागा मिळाली.

म्हणून मंडळी, एका डोळ्याने धूसर दिसतंय, डोळा फिरवताना दुखतंय, लाल रंग फिका वाटतोय, तर 'स्क्रीन टाइम जास्त झाला' म्हणून सोडून देऊ नका. कारणं बरीच असू शकतात, पण लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आपोआप बरं झालं तरी सांगा. डी'एस्टेचंही आपोआपच बरं झालं होतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!