दिसणे आणि ओळखणे

चालकाविना धावणाऱ्या मोटारीचा विषय निघाला की तिच्या बुद्धीचीच चर्चा अधिक होते. परंतु तिचा इतिहास पाहू गेल्यास तो प्रथम इंद्रियांचा इतिहास आहे, असे आढळून येते. यंत्रास वाटेतील अडथळा कसा दिसावा, हा प्रश्न शतकाहून जुना आहे; जे दिसले ते त्यास कळले काय, हा प्रश्न मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही.

या इतिहासाचा एक धागा आपल्याच देशात सापडतो. १८९५ साली कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य विद्युत्‌लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली. त्यांच्या प्रयोगांतील काही लहरींची लांबी अवघी ५ मिलिमीटर होती. आजच्या मोटारीतील रडार सुमारे ४ मिलिमीटरांच्या लहरींवर चालते. पुढे १९०४ साली क्रिस्टियान ह्युल्समायर या जर्मन संशोधकाने कोलोन येथे ऱ्हाइन नदीतील जहाजावरून परतलेल्या लहरींनी घंटा वाजवून दाखविली. धुक्यात जहाजांची टक्कर टळावी, हा त्याचा हेतू होता. परंतु त्याच्या यंत्रास गिऱ्हाईक लाभले नाही.

रडारला अंधाराची वा धुक्याची तमा नसते. वस्तूचे अंतर व वेग ते अचूक सांगते, आकार मात्र नीट सांगू शकत नाही. ही उणीव लेसरने बरीच भरून काढली. १९६० साली थिओडोर मेमन याने पहिला लेसर सिद्ध केला. लेसरचा किरण वस्तूवर आपटून परत येण्यास लागणारा वेळ मोजून अंतर काढावयाचे, हे ‘लायडार’चे तत्त्व होय. १९७१ साली ‘अपोलो १५’ यानाने याच रीतीने चंद्राच्या पृष्ठभागाचे चढउतार मोजले.

मोटारीच्या बाबतीत खरी कसोटी लागली ती अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात. मार्च २००४ मध्ये तेथे संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने चालकरहित गाड्यांची शर्यत भरविली. १५ गाड्या निघाल्या. सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरही चालली नाही. पुढल्याच वर्षी मात्र ५ गाड्यांनी सुमारे २१२ किलोमीटरांचा मार्ग पुरा केला. पहिल्या आलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्ली’ गाडीची युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचे लेसर जवळची जमीन निरखीत आणि वाटेचा रंग कसा असतो हे कॅमेऱ्यास शिकवीत. त्या शिकवणीवर कॅमेरा दूरची वाट ओळखी. एका इंद्रियाने दुसऱ्यास शहाणे करावे, हाच पुढील प्रगतीचा पाया ठरला. २००७ च्या नागरी रस्त्यांवरील शर्यतीत शेवट गाठणाऱ्या ६ गाड्यांपैकी ५ गाड्यांवर डेव्हिड हॉल यांचा ६४ किरणांचा फिरता लायडार होता. तो सेकंदास दहा लाखांहून अधिक बिंदू टिपीत असे.

एवढी दृष्टी लाभल्यावर अपघात टळावयास हवे होते. परंतु मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातील टेम्पी येथे रात्रीच्या वेळी सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री प्रयोगातील मोटारीखाली सापडून मरण पावली. सरकारी चौकशीत निष्पन्न झाले की, रडारने तिला धडकेपूर्वी ५.६ सेकंद टिपले होते. परंतु यंत्र तिला कधी वाहन, कधी सायकल, तर कधी आणखी काही मानीत राहिले. पादचारी ठरविलेल्या जागा सोडूनही रस्ता ओलांडतात, हे त्याच्या रचनेत धरलेच नव्हते. गाडीत देखरेखीसाठी बसविलेल्या व्यक्तीचे लक्षही रस्त्यावर नव्हते. कागदावर ‘पाहिले’ असा शेरा पडल्याने प्रकरण निकालात निघत नाही, हे सरकारी दप्तरांत वावरणाऱ्या आम्हां मंडळींस निराळे सांगावयास नको!

येथे दोष डोळ्यांचा नव्हता. डोळ्यांमागील गृहीतांचा होता. यंत्राच्या रचनेत ज्याचा विचार झालेला नाही, तो माणूस दिसूनही न दिसल्यासारखाच असतो. आमच्या नगरांत ठरल्या जागीच रस्ता ओलांडणारा पादचारी हा अपवाद. हातगाडीवाला, गाय आणि उलट दिशेने येणारा सायकलस्वार हे मात्र नित्याचे. अशा गाड्यांसाठी आपल्याकडे नियमांचा मसुदा तयार करण्याचे काम तुम्हां-आम्हांपैकीच कोणाच्या तरी टेबलावर येईल. तेव्हा ‘गाडीस किती दूरचे दिसते?’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘कोणाकोणाला ती माणूस म्हणून ओळखते?’ हा प्रश्न आम्हांस आधी विचारावा लागेल.