आलापल्लीची म्हणून आलेली बर्मा-शेलची पाटी

बनावट सनद ओळखतांना आपण कागद व शाई यांच्याहि आधीं मायना, शिक्का व पदव्या पाहतों. एखाद्यास पुढें मिळालेली पदवी आधींच्या सालच्या पत्रांत आढळली कीं बाकीचें परीक्षण बहुधां करावेंच लागत नाहीं. मोटारीच्या जुन्या जाहिरातींच्या पाट्यांसहि हीच कसोटी लागते, हें आम्हांस नुकतेंच एका पाटीवरून प्रत्ययास आलें. असल्या पाट्या हा संशोधकांचा विषय नव्हे, असें कोणी म्हणतील. परंतु चांद्याच्या अरण्यांत मोटार कोठवर व केव्हां पोंचली हें ठरवितांना अशी पाटी साधन म्हणून पुढें केली जाते. ती खोटी असल्यास स्थानिक इतिहासांत खोटें विधान शिरतें.

प्रस्तुत पाटी पिवळ्या-तांबड्या रंगाची, एनॅमलची म्हणून विक्रीस आलेली. वर 'बर्मा-शेल' व खालीं 'आलापल्ली, जि. गडचिरोली' अशीं देवनागरी अक्षरें. विक्रेत्यानें ती १९३५ च्या सुमाराची सांगितली. व सागवान वाहणाऱ्या मालमोटारींना तेव्हांपासून आलापल्लीस पेट्रोल मिळे, असें टिपणहि आम्हीं उत्साहाच्या भरांत लिहून ठेविलें. तें छापलें गेलें नाहीं हें सुदैव! बर्मा-शेल कंपनी हिंदुस्थानांत १९२८ त सुरू झाली. १९७६ त सरकारनें ती ताब्यांत घेतली व १९७७ त तिचें नांव भारत पेट्रोलियम झालें. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून निराळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. कंपनी होती तेव्हां हा जिल्हा नव्हता, आणि जिल्हा झाला तेव्हां कंपनी नव्हती. गडचिरोली तहसील जुनी आहे खरी, परंतु पाटीवर 'जि.' असें स्वच्छ लिहिलें आहे. १९३५ त तेथें 'चांदा' हेंच नांव हवें होतें.

हें कळल्यावर आम्हीं पत्रा नीट पाहिला. खरें एनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर सुमारें ८०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत भाजलेली कांच. रंगागणिक थर चढविलेला असल्यास अक्षरांच्या कडेवरून नख फिरवितांना उंचवटा लागतो. भोकें आधीं पाडून मग कांच चढविलेली असेल तर ती भोकाच्या आंतल्या कडेवर उतरलेली दिसते. खिळा ठोकतांना टवका उडतो तोहि तेथेंच, आणि गंज प्रथम तेथून शिरतो. आमच्या पाटीवर नख सपाट फिरलें. भोकांच्या कडा कोऱ्या, व गंज मात्र पाटीच्या मध्यावर, अखंड रंगाच्या वर! ओल्या कापसानें पुसतांच तो निघून आला. लोहचुंबक चिकटला म्हणून पाटी जुनी, असें विक्रेते सांगतात. तो नव्या पत्र्यासहि चिकटतो.

तथापि हल्लीं खरें एनॅमल भाजूनहि नकला करतां येतात. त्यांपुढें नखाची परीक्षा लंगडी पडते, म्हणून आमच्या मतें अक्षरांचाच पुरावा प्रथम घ्यावा. नये पैसे १९५७ पूर्वींचे असूं शकत नाहींत, पिनकोड १९७२ पूर्वींचा नाहीं, आणि 'एम्. एच्. ३३' हा गडचिरोलीचा मोटारक्रमांक १९८९ पूर्वींचा नाहीं. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यानें हस्तलिखितास ७५ वर्षें व इतर वस्तूंस १०० वर्षें ही मर्यादा घातली आहे. अर्थात् १९३५ ची खरी पाटीहि अद्याप त्या व्याख्येंत बसत नाहीं.

त्याच विक्रेत्याजवळ दुसरा एक पत्रा होता. अर्धा गंजलेला, कंपनीचें नांव झडलेलें, खालीं 'जि. चांदा' एवढींच अक्षरें शिल्लक. त्यावर त्यानें किंमतहि लाविली नव्हती. भोकांभोंवतीं टवके, नखास उंचवटा स्पष्ट. तो आम्हीं घेतला. परंतु कोणत्या भिंतीवरून उतरविला हें विक्रेत्यास सांगतां आलें नाहीं, म्हणून संग्रहाच्या नोंदवहींत 'स्थळ अज्ञात' असें लिहिलें आहे.