शंभर नगांपासून एका नगापर्यंत : लहान व्यायामशाळांच्या नाममुद्रित टी-शर्टचा इतिहास

प्रस्तावना

वस्त्रोद्योगाचा इतिहास लिहिताना कापूस, सूत, गिरणी आणि कामगार यांचा विचार प्राधान्याने केला जातो. तयार कपड्यावर छापलेले नाव ही त्या मानाने दुय्यम बाब समजली जाते. तथापि हे नाव कोणाला छापून घेता येते, किती नगांवर छापून घ्यावे लागते आणि न खपलेल्या मालाचा तोटा कोणी सोसावयाचा, हे प्रश्न लहान संस्थांच्या दृष्टीने जीवनमरणाचे ठरू शकतात. प्रस्तुत लेखात लहान व्यायामशाळा व फिटनेस स्टुडिओ यांच्या नाममुद्रित टी-शर्टच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे. या व्यवहाराची जडणघडण प्रामुख्याने अमेरिकेत झाली असल्याने विवेचन मुख्यतः तेथपुरते मर्यादित आहे.

अंतर्वस्त्रापासून ओळखचिन्हापर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी टी-शर्ट हे अमेरिकी नौसैनिकांचे अंतर्वस्त्र होते. १३ जुलै १९४२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हवाई दलाच्या तोफखाना-प्रशिक्षण शाळेचे नाव छापलेला टी-शर्ट घातलेला जवान झळकला. अंतर्वस्त्र संस्थेचे नाव मिरवू लागल्याचा हा एक प्रारंभीचा ठळक पुरावा होय.

व्यायामशाळांच्या बाबतीत गोल्ड्स जिमचे उदाहरण महत्त्वाचे आहे. जो गोल्ड यांनी १९६५ साली कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे ही व्यायामशाळा सुरू केली व १९७० साली ती विकली. शरीरसौष्ठवपटू रिक ड्रेसिन यांनी १९७३ साली तिच्यासाठी वजन उचलणाऱ्या टकल्या पहिलवानाचे बोधचिन्ह रेखाटले. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘पंपिंग आयर्न’ या माहितीपटामुळे ही व्यायामशाळा सर्वदूर परिचित झाली. पुढे तेथे कधीही पाऊल न ठेवलेले लोकही तिचा टी-शर्ट वापरू लागले. सभासदत्वाची खूण म्हणून छापलेला कपडा स्वतंत्र विक्रीयोग्य वस्तू बनला.

किमान मागणीचे अर्थकारण

हा मार्ग सर्वच व्यायामशाळांना खुला नव्हता. त्याचे कारण छपाईच्या तंत्रात आढळते. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली स्क्रीन प्रिंटिंगचे एकस्व मिळविले. मायकेल व्हॅसिलँटोन यांच्या फिरत्या बहुरंगी यंत्राला १९६९ साली अमेरिकी एकस्व मिळाले आणि तयार कपड्यांवरील छपाईचा वेग वाढला. परंतु प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी तयार करणे, ती यंत्रावर बसविणे व रंग जुळविणे हा खर्च एका नगासाठी आणि हजार नगांसाठी जवळजवळ सारखाच राहिला. उदाहरणादाखल, हा खर्च १०० डॉलर धरल्यास १०० नगांवर तो प्रत्येकी १ डॉलर पडतो, तर १० नगांवर १० डॉलर. त्यामुळे छपाईदारांनी किमान मागणीची अट घालणे स्वाभाविक होते.

या अटीचा भार लहान व्यायामशाळेवर दुहेरी पडे. पैसे आगाऊ गुंतवावे लागत आणि कोणत्या मापाचे किती नग लागतील याचाही अंदाज बांधावा लागे. मध्यम मापाचे शर्ट संपून सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापाचे गठ्ठे कपाटात पडून राहिले, की विक्रीतून मिळालेला नफा तेथेच अडकून पडे.

मागणीनुसार छपाईचा उदय

या अटीवरील तोडगा दोन दिशांनी आला. पहिली दिशा तंत्राची. १९९६ साली मॅथ्यू ऱ्होम यांनी कागदाप्रमाणे थेट कपड्यावर शाई फवारणारे ‘रेव्होल्यूशन’ हे यंत्र बाजारात आणले. त्याला व्यापारी यश फारसे लाभले नाही. मात्र २००० नंतरच्या दशकात ब्रदर, कोर्निट इत्यादी कंपन्यांच्या यंत्रांनी ही पद्धती रुजविली. या पद्धतीत जाळी लागत नाही; त्यामुळे पहिल्या नगाचा आणि शंभराव्या नगाचा छपाईखर्च जवळपास समान राहतो.

दुसरी दिशा व्यापारव्यवस्थेची. अमेरिकेत १९९९ साली कॅफेप्रेस आणि जर्मनीतील लाइपझिग येथे २००२ साली स्प्रेडशर्ट या कंपन्या स्थापन झाल्या. लॅटव्हियात मूळ असलेल्या प्रिंटफुल (२०१३) व प्रिंटिफाय (२०१५) यांनी छपाई आणि पाठवणी ही दोन्ही कामे विक्रेत्याच्या इंटरनेटवरील दुकानाला जोडली. ग्राहकाने पैसे भरल्यावरच शर्ट छापला जाऊ लागला. व्यायामशाळेने केवळ चित्र पुरवावयाचे, साठा ठेवावयाचा नाही, अशी ही व्यवस्था होय.

क्रॉसफिट आणि २०२० चे वर्ष

याच काळात लहान व्यायामशाळांची संख्या वाढविणारी क्रॉसफिट ही चळवळ उभी राहिली. ग्रेग ग्लासमन व लॉरेन जेनाई यांनी २००० साली कंपनी स्थापन केली. सिॲटलमधील पहिली संलग्न व्यायामशाळा २००२ सालची. पुढील दीड दशकात संलग्न शाळांची संख्या हजारोंवर गेली. प्रत्येक शाळा स्वतंत्र मालकीची असून नाव मात्र परवान्याने वापरीत असे.

जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूसंदर्भातील ग्लासमन यांच्या विधानांवरून वाद उसळला, त्यांनी मुख्याधिकारीपद सोडले आणि शेकडो शाळांनी नाव टाकून दिले. अशा वेळी जुन्या नावाचा छापील साठा असलेल्या शाळेच्या दृष्टीने तो माल निरुपयोगी ठरतो. मागणीनुसार छापणाऱ्या शाळेला मात्र केवळ चित्र बदलावे लागते. शिवाय हे वर्ष महामारीचे होते. टाळेबंदीत व्यायामशाळा बंद असताना सभासदाच्या घरी परस्पर पोहोचणारा शर्ट हे शाळेशी नाते टिकविण्याचे एक साधन ठरू शकत होते.

लाभ-हानीचा ताळेबंद

साठ्याचा धोका टळला, तरी त्याची किंमत चुकवावी लागली. एकेक नग छापण्याचा दर घाऊक छपाईहून चढा असल्याने शाळेच्या हाती पडणारा नफा घटतो. थेट शाईछपाई मुख्यतः सुती कपड्यावर चांगली उठते. घाम शोषून लवकर वाळणाऱ्या पॉलिस्टरसाठी वेगळे तंत्र लागते. म्हणजेच ज्या कामासाठी शर्ट घ्यावयाचा, त्यालाच ही सोय अनेकदा अपुरी पडते. कापडाचा दर्जा, पोहोचण्याचा कालावधी व दर यांवरील नियंत्रणही शाळेकडून छपाई-कंपनीकडे जाते. प्रिंटफुल व प्रिंटिफाय यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये विलीनीकरण जाहीर केले, तेव्हा लहान विक्रेत्यासमोरील पर्याय आकुंचित होत असल्याचे स्पष्ट झाले.

इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक हानी जाणवते. पूर्वी उरलेले शर्ट, छपाईदाराची पावती, वापरलेली जाळी असे पुरावे मागे राहत. आता चित्राची मूळ नोंद बहुधा कंपनीच्या संगणकावर असते. शाळा बंद पडली किंवा खाते मिटले, की तिच्या अस्तित्वाची ही खूण पुसली जाण्याचा संभव आहे.

निष्कर्ष

किमान मागणीची अट ही कोणत्या संस्थेने आपले नाव मिरवावे हे ठरविणारी एक अघोषित पात्रता-कसोटी होती. मागणीनुसार छपाईने ती दूर केली व लहान व्यायामशाळेला न खपलेल्या मालाच्या भारातून मुक्त केले, हे तिचे निःसंशय श्रेय आहे. तथापि तोटा सोसण्याच्या जबाबदारीबरोबर वस्तूवरील अधिकारही शाळेच्या हातून निसटला. म्हणून या बदलाचे मूल्यमापन केवळ बचतीच्या आधारे न करता, लहान संस्थेच्या स्वायत्ततेच्या निकषावरही करणे आवश्यक आहे.